बीडहून करीच्या ट्रॅकवर : उसनी एस्टीम आणि सात दिवस

दिवस पहिला : बीड ते विजयपूर

पहाटे पाचला निघालो तेव्हा बीड झोपलेलं होतं. आबांनी नेहमीप्रमाणे आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांवर मुठीनं ठोकून पाहिलं, आणि मगच दार उघडलं. एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही चक्कर सुटलेली नाही.

जायचं होतं कोइमतूरला, तिथल्या करी मोटर स्पीडवेवर. अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅकवर मी रेसची गाडी चालवणार होते, आयुष्यात पहिल्यांदा आणि तीही उसनी.

हे कसं जुळलं ते सांगते. बीड जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिक ट्रेडला शिकवते. सहा वर्षांपूर्वी फळ्यावर ब्रेक फेडचा आलेख काढला होता : तापमान वाढत जातं, पॅडची पकड आधी वाढते आणि मग एकदम खाली येते. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी एवढे ब्रेक तापवून बघितलेत का?" वर्गात कोणी हसलं नाही, कारण त्यानं चेष्टेनं विचारलंच नव्हतं. मी खरं उत्तर दिलं, नाही. तो पोरगा आज कोइमतूरच्या एका रेस टीममध्ये मेकॅनिक आहे. तिथले लोक त्याला 'तंबी' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मीही इथं तेच नाव वापरते. दिवाळीत त्याचा फोन आला. "मॅडम, मालक म्हणालेत, तुमच्या मॅडमला बोलवून घे. जानेवारीत सरावाचा दिवस आहे. जुनी एस्टीम मोकळीच उभी राहते." रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आबांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "मी येतो. रस्ता लांबचा आहे."

मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटावर आलो की हवा बदलते. चौसाळा, पारगाव, तेरखेडा, येरमाळा अशी गावं अंधारातच मागे गेली. येडशीच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना शाळू पोटऱ्यातून बाहेर पडलेला, काही ठिकाणी हुरड्याला आलेला. काळ्या रानावर धुक्याचा पातळ थर होता. वाटेत ऊस भरलेले ट्रॅक्टर लागत होते, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे साधा लाल दिवासुद्धा नाही. हा माझा जुना राग आहे. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला किती पैसे लागतात? दर हंगामात या ट्रॉल्यांवर दुचाकीवाले आदळतात, आणि पुढच्या हंगामात ट्रॉल्या तशाच अंधारात चालतात.

तुळजापूरला आईचं दर्शन घेतलं. आबांनी देवीपुढे माझ्या गाडीची चावी ठेवली. ही किल्ली त्या गाडीची नाही, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "हात तर तुझेच आहेत."

दर्शनानंतर मुख्य रस्ता सोडून आम्ही एका फडावर गेलो. तंबीचे आई-बाप ऊसतोडीला आहेत. दसरा-दिवाळीला बीडमधून बाहेर पडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. यांची स्वतःची टायरगाडी आहे, म्हणजे बैलगाडीच, पण लाकडी चाकांऐवजी रबरी टायर बसवलेली. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि बैलांनी कारखान्यापर्यंत ओढायची. तंबी सहावीपर्यंत दर हंगामात शाळा सोडून यांच्याबरोबर हिंडला. पुढे आजीनं त्याला गावात ठेवून घेतलं, म्हणून तो आयटीआयपर्यंत पोचला.

त्याची आई पाचटातून बाहेर आली. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातात कोयता. हात पुसत म्हणाली, "मॅडम, एक खरं सांगा. पोरगं गाडी पळवतंय, का गाडी पळवणाऱ्याच्या मागं पळतंय?"

मी म्हणाले, "अजून मलाही नीट माहीत नाही. बघून येते आणि येताना सांगते."

कोपीतून, म्हणजे तळावरच्या झोपडीतून, तिनं एक गाठोडं आणून दिलं. रात्रीच केलेल्या दशम्या आणि कारळाची चटणी. "दुधात मळल्यात, टिकत्यात," म्हणाली. बाप तेव्हा गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत होता, त्याची भेट झाली नाही.

सोलापूर ओलांडून संध्याकाळी विजयपूरला मुक्काम केला. गोलघुमट लांबूनच पाहिला.

दिवस दुसरा आणि तिसरा : नुसता रस्ता

दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गमार्गे तुमकूरपर्यंत. रस्ता उत्तम, सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी बंगळूर बाहेरूनच टाळलं आणि होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी करत सेलमकडे निघालो.

धर्मपुरी आणि सेलमच्या मधे तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांब आहे, आणि अवजड गाड्यांच्या अपघातांसाठी हा घाट बदनाम आहे. आबा तोवर पेंगत होते. उतार सुरू झाला तसे सरळ बसले. "ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं," म्हणाले. मी तिसरा टाकला. समोर एक लोडेड ट्रक सारखा ब्रेक लावत उतरत होता, आणि त्याच्या मागच्या चाकांतून तो वास येत होता, जळक्या ब्रेक लायनरचा. आबांनी काच वर केली आणि मला अंतर वाढवायला लावलं. घाट संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या डेपोतले एक जण अशाच उतारावर गेले होते, हे मला माहीत आहे.

रात्री आठला कोइमतूर. तंबी रस्त्यावर येऊन थांबला होता. आधी आबांच्या पाया पडला, मग माझ्या. गाठोडं हातात घेतलं, नाकाला लावलं आणि तसंच छातीशी धरून उभा राहिला.

दिवस चौथा : गाडी आणि पायी फेरी

आमच्याकडे कोइमतूर हे नाव बोअरवेलवरच शिकतात. मराठवाड्यात ज्याच्या शेतात पाणी लागलं त्याच्या तोंडी कोइमतूरची मोटार असतेच. हे शहर पंपांचं, ओतकामाचं, लेथचं. आणि त्याच हातांनी इथं रेसिंगही उभं केलं. ज्यांच्या नावानं ट्रॅक आहे ते एस. करिवर्धन इथलेच. परदेशी गाडी परवडत नाही म्हणून त्यांनी मारुतीचं इंजिन घेऊन स्वस्तातली फॉर्म्युला गाडी बनवली, म्हणजे साध्या घरातल्या पोरांनाही शर्यतीत उतरता यावं. 1995 साली विमान अपघातात ते गेले. चेट्टीपाळयमचा हा 2.1 किलोमीटरचा ट्रॅक 2003 मध्ये सुरू झाला. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, 2005 मध्ये जॉर्डन संघातून उतरलेला, तोही याच गावचा, आणि तोही फॉर्म्युला मारुतीतून वर आलेला. पंप बनवणाऱ्या गावानं हे केलं, ही गोष्ट मला वर्गात सांगायची आहे. आमच्या मुलांना वाटतं की रेसिंग म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू.

टीमचं वर्कशॉप म्हणजे तीन गाळे. त्यातल्या शेवटच्यात ती उभी होती. पांढरी मारुती एस्टीम, दारावरचा नंबर अर्धा खरवडलेला. एके काळी आमच्याकडे कारखान्याच्या चेअरमनच्या किंवा मोठ्या डॉक्टरच्या दारात दिसायची ती हीच गाडी. आतून मात्र ओळखू येत नव्हती. मागची सीट नाही, गालिचा नाही, छताचं अस्तर नाही. उघडा पत्रा, आणि त्यात जाड स्टीलच्या पाइपांचा रोल केज. गाडी उलटली तरी छत खाली येऊ नये म्हणून. एकच खोलगट सीट, सहा टोकांचा पट्टा, आग विझवायचं नळकांडं, आणि सगळी वीज एका झटक्यात तोडणारा कट-ऑफ. इंजिन तेच 1298 सीसीचं, पण हेड हातानं घासून सफाईनं बसवलेलं. पोर्टच्या, म्हणजे इंजिनात हवा जायच्या-यायच्या वाटेच्या, आत बोट फिरवलं तर आरशावरून फिरवल्यासारखं. "हे कोणी केलं?" मी विचारलं. तंबी काही बोलला नाही. मालक म्हणाले, "तुमच्याच पोरानं."

मग ब्रेक ऑइल. साधं डॉट 3 कोरडं असताना 205 अंशांना उकळतं, डॉट 4 230 ला, डॉट 5.1 260 ला. पाणी शोषलं की हे आकडे बरेच खाली येतात. हे तीन आकडे मी दर वर्षी तोंडपाठ करून घेते. तंबीनं सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला आणि म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं, उघडा डबा दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही." चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, आम्ही दोघांनी केलं. पेडलवर मी आणि निपलवर तो.

संध्याकाळी सराव संपल्यावर ट्रॅकवर पायी फेरी मारली. आबाही होते. गाडीतून डांबर सपाट दिसतं, पायाखाली ते तसं नसतं. कुठे उतार आत आहे, कुठे बाहेर, कुठे रबर साचून काळा पट्टा झालाय, कुठे वाऱ्यानं वाळू आलीय. प्रत्येक वळणाशी तंबी थांबायचा आणि हातानं रेघ दाखवायचा : बाहेरून यायचं, आतल्या टोकाला घासून जायचं, पुन्हा बाहेर सोडायचं. म्हणजे वळण जेवढं मोठं करता येईल तेवढं मोठं करायचं. "आणि मॅडम, वळणात एकदा शिरलात की पाय झटकन उचलायचा नाही. काही झालं तरी."

मग त्यानं उभ्या गाडीत उजव्या पायाची ती करामत दाखवली. चवडा ब्रेकवर, आणि त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर. ब्रेक दाबत असतानाच गिअर खाली टाकायचा आणि त्याच क्षणी थोडी रेस द्यायची. आबा खिडकीतून वाकून बघत होते. म्हणाले, "हे तर डबल क्लच आहे."

जुन्या एसटीला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हतं. गिअर खाली टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. इंजिनचा वेग गिअरच्या वेगाशी जुळला नाही तर दाते किंचाळायचे आणि सगळी बस मागे वळून बघायची. एस्टीमला दुसऱ्यांदा क्लच दाबायची गरज नाही, पण रेस देण्याचं कारण तेच. वेग जुळला नाही तर पुढची चाकं झटका खातात, आणि ब्रेकखाली असताना असा झटका बसला तर पकड सुटते. आबा त्या सीटमध्ये बसले, गुडघा दुखत असूनही, आणि तीन-चार वेळा पाय फिरवून दाखवला. तंबीनं मोबाइलवर व्हिडिओ घेतला. म्हणाला, मालकांच्या नव्या पोरांना हाच दाखवणार.

दिवस पाचवा : ट्रॅक

सकाळी साडेसहाला कागदावर सही केली, की जे होईल त्याची जबाबदारी माझी. स्पर्धा नव्हती, सरावच होता, तरी ॲम्ब्युलन्स उभी होती आणि मार्शल आपापल्या जागी. झेंडे समजावून सांगितले : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सराव बंद, सावकाश आत या. आग न लागणाऱ्या कापडाचा सूट टीमच्या एका ड्रायव्हर मुलीचा, तोही उसना. हेल्मेट घातलं आणि जग एकदम जवळ आलं. स्वतःचा श्वासच मोठा ऐकू यायला लागला.

पट्टा तंबीनं आवळला. इतका, की खांदे सीटपासून सुटेनात. "घट्ट नसेल तर तुम्ही स्टेअरिंगला धरून बसता," तो म्हणाला. "स्टेअरिंग धरून बसायला नाही, वळवायला आहे." हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नाही.

पहिली पंधरा मिनिटं मालक दुसऱ्या गाडीत पुढे आणि मी त्यांच्या मागे. आवाज एवढा की छातीत घुमतो, कारण मधे काही अस्तरच नाही. खडा उडाला की पत्र्यावर टण्णकन. गिअरबॉक्सचा रडका सूर, टायरांची कुरकुर, सगळं सरळ अंगात येतं. मी फार लवकर ब्रेक लावत होते. मालक पुढे सुटायचे आणि मग माझ्यासाठी थांबायचे. आबांनी भिंतीपाशी उभं राहून त्यांच्या जुन्या एचएमटी घड्याळावर वेळ घेतली : फेरीला एक मिनिट 43 सेकंद.

बाहेर आल्यावर तंबी माझ्याशी आधी बोललाच नाही. पुढच्या टायरापाशी खाली बसला, तळहात त्याच्यावर ठेवला, मग आडवा फिरवला, आतून बाहेर. "भाईरची कड खाल्ली, मॅडम. तुम्ही आधीच वळवताय आणि मग गाडीला ढकलताय. थोडं थांबा. अजून थोडं सरळ जाऊ द्या, मग वळवा." मग त्यानं हवेचा दाब पाहिला आणि थोडी हवा सोडली. तापल्यावर आतली हवा फुगते आणि दाब चढतो.

त्याच्या तळहाताकडे मी बघत राहिले. गरम टायरावर एवढा वेळ हात ठेवायची सवय याला कुठून आली असेल?

दुसऱ्या फेरीगटात तेच झालं जे नको होतं. लांब उजव्या वळणात मी थोडी जास्त वेगानं शिरले. पुढची चाकं बाहेर सरकतायत असं वाटलं, आणि पाय आपोआप उचलला गेला. हे सगळं मी शिकवते : पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागचा भाग पुढच्याला गाठायला निघतो. फळ्यावर त्याला दोन बाण लागतात. तिथं मला फक्त जाणवलं की पाठ बाजूला चाललीय. आभाळ, भिंत, गवत, पुन्हा भिंत. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले, आणि गाडी उलट तोंडानं गवतात उभी राहिली. इंजिन चालूच होतं. मार्शलनं पिवळा झेंडा हलवला. हातांना कंप सुटला होता, पण डोकं विलक्षण स्वच्छ होतं. कुठेही काही लागलं नव्हतं. सावकाश आत आले.

आबा भिंतीला धरून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, आता बस म्हणतील. पाणी दिलं आणि म्हणाले, "नजर कुठं होती तुझी?"

मी आठवून पाहिलं. भिंतीवर होती. जिथे जायचं नव्हतं तिथेच बघत होते.

"घाटात दरीकडं बघणारा दरीत जातो. वळण जिथं संपतं तिथं बघ."

तिसऱ्या वेळी मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघायला लागले, आणि हात आपोआप मागून आले. ब्रेक उशिरा, पण एकदाच आणि जोरात. मग दाब हळूहळू सोडत आत शिरायचं. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. म्हणजे 120 वरून 60 वर आलं की तीन चतुर्थांश ऊर्जा चार चाकांत उष्णता होऊन बसते, आणि हे प्रत्येक फेरीत. मी एकेक वळण तोंडानं मोजत होते. एका फेरीत सगळं लागलं. ब्रेक, पायाची कड, गिअर, वळण, आणि बाहेर पडताना गाडी स्वतःच मोकळी सुटली. कोणी ओढत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडले.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या फेरीला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला. पेडल टणक होतं, खाली जात नव्हतं, पण गाडी थांबेना. तेलाची उकळी असती तर पेडल मऊ पडून खाली गेलं असतं. हे पॅड होते. आलेखातली ती खाली येणारी रेघ. तो वास आला, तोप्पूरच्या घाटातला. घाबरले नाही, कारण तो नेमका काय आहे हे मला माहीत होतं. गिअर खाली टाकला, इंजिननं वेग उतरवला, वळण रुंद घेतलं आणि पुढची पूर्ण फेरी ब्रेकला पाय न लावता काढली, वाऱ्यानं ते निवावेत म्हणून.

आत येऊन थांबले तेव्हा तंबी धावत आला आणि ओरडला, "हँडब्रेक नका ओढू!" ते मलाही माहीत होतं. तापलेले ब्रेक आवळून ठेवले की चिकटतात, वाकतात. त्यानं चाकांना लाकडी अडण्या लावल्या. डिस्कमधून धूर निघत होता, आणि कडेला निळसर छटा आली होती.

मी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "तापवून बघितले."

त्याला एक क्षण कळलं नाही. मग कळलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि चाकापाशी वाकला, उगाचच नट तपासायला.

आबांच्या घड्याळात शेवटच्या चांगल्या फेरीची वेळ होती एक मिनिट 34 सेकंद. नऊ सेकंद. त्यांनी तिकिटाएवढ्या कागदावर लिहून खिशात ठेवली. पैसे विचारले तर मालकांनी पेट्रोल आणि टायरचेही घेतले नाहीत. म्हणाले, पोर दिलंत ना तुम्ही. जेवायला चौघं मिळून दशम्या खाल्ल्या. चटणी संपली, दशम्या दोन उरल्या. त्या तंबीनं फडक्यात परत बांधून ठेवल्या.

दिवस सहावा आणि सातवा : परत

परतीच्या रस्त्यावर मांड्या आणि मान इतक्या दुखत होत्या की अर्धा रस्ता आबांनीच चालवला. सातव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तळावर पोचलो. कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या. बैल सुटले होते आणि वाढं खात होते. या वेळी तंबीचा बाप घरी होता.

आईला मी सांगितलं, "गाडी पळवत नाही तो. पण गाडी पळते ती त्याच्या हातावर. त्यानं हवा किती ठेवायची ते ठरवलं, मग मी गाडीत बसले." तिनं दोन वेळा विचारलं की दशम्या मऊ राहिल्या होत्या का. मी फोन काढला. आबांचा व्हिडिओ दाखवला, एस्टीम दाखवली, आणि मग तो फोटो आला. पहिल्या गटानंतरचं पुढचं टायर, शेजारी तंबीचा तळहात.

बाप इतका वेळ मागे बसून ऐकत होता. चुलीच्या उजेडात त्यानं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि लांब केला. मग अंगठा काचेवरून आडवा फिरवला, आतून बाहेर, तसाच.

"भाईरची कड खाल्ली ह्याची," तो म्हणाला. "वळताना लई लवकर वळवली कुणीतरी."

"मीच," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, फोन परत दिला आणि उठून आपल्या टायरगाडीपाशी गेला. मोळ्या टाकून रिकामी झालेली गाडी. वाकून त्यानं डाव्या टायरावर तळहात ठेवला आणि मला हाक मारली, "मॅडम, हिकडं या. ही बघा, ही बी तीच कड."

मी फोनचा उजेड धरला.